एक बोट खाली

“अजून एक बोट खाली घे,” तात्या म्हणाले.

मी त्यांच्या पलंगाशी उकिडवी बसले होते. हातात पाना, सायकल भिंतीला टेकवलेली. रविवारची पहाट, साडेपाच झाले असतील.

“तात्या, गेल्या रविवारीच घेतलं की एक बोट.”

“कुंभार्ली घाटाचा उतार बघितलायस का कधी? उताराला बूड खाली पाहिजे, नाहीतर पुढच्या चाकावरनं तोंडावर पडशील. का आता मलाच शिकवतीस?”

मी काय शिकवणार, कपाळ! चौथीच्या पोरांना भागाकार शिकवणारी बाई मी. आणि माझ्या सासऱ्यांनी कऱ्हाडात अडतीस वर्षं सायकलचं दुकान चालवलेलं. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत तात्या त्याच्या पायांकडे एक नजर टाकायचे आणि सीट लावून मोकळे व्हायचे. सीट लावल्याशिवाय तासाच्या भाड्याची सायकलसुद्धा दुकानाबाहेर सोडायचे नाहीत. तेव्हा मी मुकाट्यानं नट सैल केला, सीट बोटभर खाली दाबली आणि नट आवळला.

“शाब्बास. जा आता. गुडघा दुखला तर मागं फीर, उज्ज्वला. उगाच जिवाशी खेळ नको.”

किती काळजी करतात म्हातारे, असं मनाशी म्हणत मी सायकल बाहेर काढली. या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली, तरी तो ‘शाब्बास’ आठवला की अजून माझं डोकं फिरतं.

तात्यांना अर्धांगवायू होऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं, जरा जड, पण टोमणे मारण्याइतकं स्वच्छ. सासूबाई आधीच गेलेल्या, मुलगी पुण्याला हॉस्टेलवर. घरात मी, आमचे हे आणि तात्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर तीन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतील. दिवसा फुलाबाई यायच्या, त्या पाणी पाजायच्या, कूस बदलायच्या. पण बेडपॅन द्यायचं, धुवायचं, कपडे बदलायचे, हे तात्या त्यांना करू देत नसत. मधल्या सुट्टीत मी शाळेतून पळत घरी यायची, सगळं आवरायची आणि घंटेच्या आत परत वर्गात. साडीला डेटॉलचा वास यायचा. पोरं म्हणायची, बाई, तुमचं काय कापलंय?

आणि रात्री एकला एक हाक, चारला एक. “उज्ज्वलाऽ.” आमच्या ह्यांना कधीच ऐकू आली नाही. आली असेल तर त्यांनी तसं दाखवलं नाही. चौदा महिन्यांत मी एक रात्र सलग झोपले नव्हते. फळ्यापाशी उभ्या उभ्या माझा डोळा लागायचा आणि खडू खाली पडल्यावर मी जागी व्हायची.

असल्या दिवसांत शाळेत मोमीन सरांनी ती सायकल राइड जाहीर केली. मोमीन सर सातवीला विज्ञान शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी सायकल हाणत कुठं कुठं जायचे. म्हणाले, डिसेंबरात कऱ्हाड ते चिपळूण, शंभरेक किलोमीटर. त्यानिमित्त लोकांकडून जी देणगी जमेल तिच्यातून पाटण भागातल्या खेड्यांत अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांसाठी हवेच्या गाद्या आणि चाकाच्या खुर्च्या घ्यायच्या. बायकांनीही यावं. रात्री चिपळूणला एका शाळेत मुक्काम, दुसऱ्या दिवशी टेम्पोतून परत.

मुक्काम म्हटल्याबरोबर माझा हात वर गेला.

“घरी एवढं करून वर समाजाचंही!” मुख्याध्यापक बाई म्हणाल्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला चोरी पकडली गेल्यासारखं झालं. खरं सांगते, त्या गाद्यांचं मला काही पडलेलं नव्हतं. मला एक रात्र पाहिजे होती. जिथं माझ्या नावानं कुणी हाक मारणार नाही अशी एक अख्खी रात्र, मग त्यासाठी शंभर सोडा, दोनशे किलोमीटर पायडल मारायला मी तयार होते.

मला वाटलं होतं, तात्या मोडता घालतील. पण ऐकून ते म्हणाले, “सायकल आणून दाखव.” मोमीन सरांच्या मुलाची जुनी गिअरची सायकल मी आणली. तात्यांनी चाक फिरवायला लावलं, डोळे मिटून चेनचा आवाज ऐकला, ब्रेक दाबायला लावले. चौदा महिन्यांत त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. तेल कुठं सोडायचं, गिअर कधी बदलायचा, सगळं पडल्या पडल्या सांगायचे. मला बरं वाटायचं. वाटायचं, चला, म्हाताऱ्याला काहीतरी उद्योग मिळाला, आणि मला एक गुरू.

सराव सुरू झाला. रोज पहाटे दहा-पंधरा किलोमीटर, रविवारी जास्त. पहिल्या आठवड्यात दम लागला, दुसऱ्यात मांड्या भरून आल्या, तिसऱ्यात सगळं सुरळीत होईल असं मोमीन सर म्हणाले होते. पण तिसऱ्या आठवड्यात माझे गुडघे सुरू झाले. आधी डावा, मग दोन्ही. जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. वर्गात पोरांच्या वह्या बघायला वाकले की उठताना “आई गं” निघायचं. रात्री एकची कूस बदलून झाली की मी तिथंच तात्यांच्या पायथ्याशी बसून गुडघ्याला तेल चोळायची.

“लई दुखतंय का गं?” तात्या विचारायचे.

“हो हो, जरा.”

“झेपत नसलं तर राहू दे बाई. वय झालं आता तुझंही. सोडलंस तर कोण हसणार नाही तुला.”

मग रविवारी पहाटे परत, “एक बोट खाली घे.”

राइडला तीन आठवडे राहिले तेव्हा आमचा लांबचा सराव होता. पाटणपर्यंत जायचं आणि परत यायचं, सत्तर किलोमीटर. आम्ही सहा जण होतो. पाटणला पोचेपर्यंत मी शेवटी पडले. परत येताना मल्हारपेठेच्या अलीकडे माझा डावा गुडघा असा काही कळवळला की मी रस्त्याच्या कडेला पाय टेकला आणि पुढं पायडलच मारता येईना. बाकीचे पुढं गेले होते. मी लंगडत, सायकल हातात धरून पेठेत आले. तिथं एका झाडाखाली सायकलचं दुकान होतं, दुकान कसलं, एक पत्रा आणि एक पेटी. मालक पंक्चर काढत बसला होता. मी त्याच्या बाकड्यावर बूड टेकलं आणि पाणी मागितलं.

त्यानं पाणी दिलं आणि माझ्याकडे न बघता सायकलीकडे बघत राहिला.

“ताई, शीट कुनी बशिवली ओ ही?”

“का?”

“न्हाई, तुमी आता आलासा तवा बघितलं तुमची उंची. आन् ही शीट बघा. बारक्या पोराच्या सायकलीवर बसल्यागत झालं की हे. गुडगं जातील न्हाईतर काय हुईल?”

“कुंभार्लीच्या उतारासाठी खाली घेतलीय.”

“उतार किती असतोय? तेवढ्यापुरतं उतरून हातात धरा सायकल. बाकीचा रस्ता कुनाच्या गुडघ्यानं जानार?” तो हसला. “कुनी सांगितलं हे?”

मला राग आला. “माझ्या सासऱ्यांनी. कळतं त्यांना त्यातलं. कऱ्हाडात दुकान होतं त्यांचं. शेटे.”

त्यानं हातातली ट्यूब खाली ठेवली. “तात्या शेट्यांची सून व्हय तुमी? आवो, मी शिवा. सात वर्सं हुतो त्यांच्या हाताखाली! बरं हाय का त्यास्नी?” मी सांगितलं. त्यानं चिंधीला हात पुसले. मग उठला आणि सायकलीला एक फेरी मारली.

“न्हाई ताई. ही शीट तात्यांनी सांगितल्याली न्हाई.”

“अहो, चार रविवार मी स्वतः त्यांच्यासमोर—”

“एका बाईची शीट मी बोटभर खाली लावली हुती, तर तात्यांनी माझ्या कानाखाली जाळ काढला. भर बाजारात. म्हनले, शिव्या, गिऱ्हाईक दोन म्हयन्यांनी लंगडंल आन् त्याला कळनारबी न्हाई कशानं.” त्यानं सायकल माझ्यापुढं उभी केली. “काखंत धरा शीट. आता हात खाली सोडा. बोटं पायडलीच्या मधल्या आसाला टेकली पायजेत. ही तात्यांचीच रीत.”

मी सीट काखेत धरली. माझी बोटं आसाच्या पार खाली लोंबत होती.

“चार बोटं,” शिवा मिस्त्री म्हणाला. “नजर गेली का ओ तात्यांची?”

“नाही,” मी म्हटलं. “नजर शाबूत आहे.”

ते मी बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. मग मात्र मला तिथं बसवेना. शिवा मिस्त्रीनं सीट वर घेतली, नट आवळला. मी सायकलवर बसले. पहिलंच पायडल मारलं तर पाय सुटल्यासारखा सरळ गेला. दुखत होतं, पण आधीचं दुखणं दुखत होतं, नवीन दुखत नव्हतं. कऱ्हाडपर्यंत वीस-बावीस किलोमीटर मी रडत आले. ते रडू दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. रस्त्यात एक ट्रॅक्टरवाला थांबून विचारत होता, बाई, पडला का काय कुठं?

घरी आले ती सायकल घेऊन तडक तात्यांच्या खोलीत. आमचे हे बाजारात गेले होते. सकाळपासून तात्या तसेच पडून होते, माझी वाट बघत. मी गेले की त्यांचं सगळं मी येईपर्यंत थांबायचं. मी आधी त्यांना पॅन दिलं, धुतलं, पुसलं, लुंगी बदलली. हात धुऊन आले. तोवर तात्यांनी सीट बघितली होती. त्यांचा चेहरा भिंतीकडे होता.

“शिवा भेटला मल्हारपेठेत,” मी म्हटलं.

तात्या डाव्या हातानं चादरीची कड चाचपत होते.

“महिनाभर मी गुडघ्याला तेल चोळतेय, तात्या. तुमच्या पायाशी बसून. आणि तुम्ही विचारताय, लई दुखतंय का.”

“उताराला—”

“उताराचं सांगू नका मला!” चौदा महिन्यांत मी पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, त्यात पहिल्यांदा म्हटलं तरी चालेल.

मग ते म्हणाले, “मला वाटलं, दुखलं की आपणहून सोडशील.”

“सरळ सांगायचं होतं, नको जाऊ म्हणून.”

“सांगितलं असतं तर थांबली असतीस?”

“थांबले असते.”

“म्हणून नाही सांगितलं,” तात्या म्हणाले. “मी थांबवलं असं झालं असतं.”

माणूस इतका विचार करून वाईट वागू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

“दोन दिवस कोण करणार माझं?” त्यांचा आवाज फाटला. “एक रात्र न् दोन दिवस. कोण?”

“हे आहेत की. तुमचा मुलगा आहे.”

“विलासनं?” ते माझ्याकडे वळले, जेवढं वळता येईल तेवढं. “त्यानं मला उघडा कधी बघितलेला नाही. दुकानात मी नुसता खाकरलो तरी उभा राहायचा तो. पोरानं बापाचं ढुंगण धुवायचं?”

“आणि सुनेनं?”

त्यांनी डाव्या हातानं पांघरूण वर ओढलं.

“सुनेनं धुतलेलं चालतं?”

“तुझी सवय झाली,” ते अगदी हळू म्हणाले. “तुझी लाज वाटत नाही आता.”

“मला वाटते अजून,” मी म्हटलं. “रोज वाटते. मला सवय झालेली नाही, तात्या. मला झोप पाहिजे.”

एवढंच बोलले आणि बाहेर येऊन मोरीच्या कट्ट्यावर बसले. मी राइडला जाणार हे तेव्हा ठरलं. आधी मी नुसती पळून जाणार होते.

आमच्या ह्यांना त्याच संध्याकाळी सांगितलं, की उद्यापासून तुमचा सराव. ते हसले. मी हसत नाही म्हटल्यावर घाबरले.

“अगं, दोन दिवस बाई लावू की.”

“लावली होती. तात्यांनी तिला तांब्या फेकून मारला. पुरुष आणला होता, तो तिसऱ्या दिवशी पळाला.”

“मला ओकारी येते गं उज्ज्वला.”

“मग मला काय अत्तराचा वास येतो?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या हातात मग, बादली आणि कापसाचा गठ्ठा दिला, काय करायचं ते सांगितलं आणि खोलीचं दार लोटून बाहेर उभी राहिले. आतून आधी बराच वेळ काहीच आवाज नाही. मग बादली कलंडली. मग एकाच वेळी दोघांनीही हाक मारली. एक म्हणत होता, “अगं ए,” आणि दुसरा, “उज्ज्वलाऽ.” माझा हात कडीवर गेला. मी तो परत घेतला. सांगते, पाटणचा सत्तर किलोमीटरचा रस्ता त्या दारापुढं काहीच नव्हता. अर्ध्या तासानं हे बाहेर आले, शर्ट भिजलेला, चेहरा पांढरा, आणि तडक अंगणात जाऊन बसले. मी आत गेले तर गादी ओली, तात्या उघडेच, डोळ्यांवर डावा हात आडवा धरून पडलेले. मी चादर बदलली.

असे आठ-दहा दिवस गेले. कुणी कुणाशी धड बोलेना. घरात सुतक असल्यासारखं वाटायचं. मग एका सकाळी आतून तात्यांचा आवाज आला, “गाढवा, आधी गुडघा वाकव, मग ढकल! पंक्चर काढताना चाक असंच ओढत होतास.” आणि ह्यांचा आवाज, “तुम्ही जरा गप्प पडा, तात्या.” बापाला ‘गप्प पडा’ म्हणण्याची आमच्या ह्यांची ती पहिलीच वेळ. मी चहाचं आधण ठेवलं आणि उगाच दोनदा साखर घातली.

राइड झाली. लोक तीच विचारतात, म्हणून सांगते. पहाटे सहाला निघालो, कोयनेपर्यंत उन्हानं भाजलो, कुंभार्ली मी ब्रेक दाबून दाबून उतरले, तोंडावर पडले नाही. संध्याकाळी पाचला चिपळूण. त्या शाळेच्या हॉलमध्ये आम्ही सात बायका होतो. गादी मिळाली, उशी मिळाली, पंखा होता. साडेआठला मी आडवी झाले. एकला माझे डोळे टक्क उघडले. चारला परत. हाक मारायला कुणी नव्हतं, तरी मी उठून बसले आणि शेजारी कुणाची कूस बदलायची ते शोधत राहिले. इतका राग आला मला! ज्या रात्रीसाठी गुडघे फोडून घेतले, ती रात्र अशी गेली. परत येताना टेम्पोत सगळ्या गाणी म्हणत होत्या आणि मी खिडकीला डोकं लावून बसले होते.

रविवारी दिवेलागणीला घरी पोचले. बूट काढले, हात धुतले आणि सवयीनं तात्यांच्या खोलीत शिरले. चादर स्वच्छ होती. जरा वाकडी घातलेली, पण स्वच्छ. मी लुंगीला हात घातला तर तात्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

“तू नको,” ते म्हणाले. “विलासला बोलव.”

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही असेल. पण आधी मला वाटलं की मला कुणीतरी घराबाहेर काढलंय. हे बाही दुमडत आले आणि म्हणाले, “हो तू बाहेर.” मी बाहेर झाले. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले, मोजे काढायला. एक काढला.

डोळे उघडले तेव्हा उंबऱ्यापर्यंत ऊन आलं होतं. अंगावर कुणीतरी चादर टाकली होती, डोक्याखाली पाटावर घडी केलेला टॉवेल. घड्याळात साडेनऊ. तेरा-चौदा तास! एक पाय मोज्यात तसाच. मी धडपडत उठले आणि आधी तात्यांकडे धावले. ते जागे होते. कूस डाव्या अंगावर, पाठीला उशी, अगदी मी लावते तशी.

“रात्री?” मी विचारलं.

“दोनदा उठला तो. बडबडत उठला, पण उठला.” ते छताकडे बघत होते. “एकला तुझंच नाव तोंडात आलं होतं.”

“मग?”

“गिळलं,” तात्या म्हणाले.

मी त्यांच्या पायथ्याशी बसले. त्या दिवशी मी शाळेत गेले नाही.